‘पुन्हा गुन्हा करील का?’ हा अंदाज कसा बांधतात आणि तो कुठे फसतो

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७७ मध्ये एक दाखला मागितलेला आहे. वेडाच्या भरात गुन्हा घडला म्हणून ज्याला शिक्षेऐवजी तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात ताब्यात ठेवले आहे, त्याला सोडायचे असेल तर जबाबदार अधिकाऱ्याने किंवा पाहणीसाठी नेमलेल्या सदस्यांनी लिहून द्यायचे असते की, हा माणूस सुटला तर स्वतःला किंवा इतर कोणाला इजा करण्याचा धोका नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच ३३८ वे कलम होते. शासनाला हवे असेल तर ते एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आयोगही नेमू शकते. पण सदस्य असोत की आयोग, शेवटी सगळ्यांची नजर मनोविकारतज्ज्ञाच्या अहवालाकडे जाते.

‘धोका नाही’ असे छातीठोकपणे कोणाही माणसाबद्दल लिहिता येत नाही, निरोगी माणसाबद्दलही नाही. म्हणून बहुतेक जण सावध राहतात आणि सही करत नाहीत. सही न केल्याचा जाब कोणी विचारत नाही. सही केली आणि पुढे काही घडले, तर मात्र नाव वर्तमानपत्रात येते. या एकतर्फी भीतीची किंमत कोण भरते, ते आसाममधल्या एका प्रकरणात दिसले. १९५१ मध्ये दुखापतीच्या गुन्ह्यात पकडलेला तेविशीतला तरुण मनोरुग्णालय आणि तुरुंग यांच्यात विसरला गेला आणि खटला न चालताच ५४ वर्षांनी, २००५ मध्ये सुटला. १९६७ मध्येच डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळवले होते.

हा अंदाज शास्त्रीय पद्धतीने बांधण्याची साधने गेल्या साठ वर्षांत जगभर तयार झाली. ती काय सांगू शकतात आणि काय नाही, हे डॉक्टर, वकील आणि घरचे लोक या तिघांनाही कळायला हवे. त्यातले गणित अवघड नाही.

डॉक्टरांचा अंदाज किती खरा ठरतो?

१९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बॅक्सस्ट्रॉम विरुद्ध हेरॉल्ड’ या खटल्यात निकाल दिला. शिक्षा संपल्यावरही ‘धोकादायक वेडे’ म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या दोन कडेकोट संस्थांमध्ये ठेवलेल्या कैद्यांना, नेहमीची कायदेशीर प्रक्रिया टाळून, तिथे डांबून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. सगळ्यांना हाहाकाराची अपेक्षा होती. चार वर्षांनी मोजले तेव्हा शंभरातले तीन जणही त्या कडेकोट संस्थांमध्ये परत पाठवावे लागले नव्हते. बरेच जण तर सुटून समाजात राहत होते. ‘धोकादायक’ हा शिक्का ज्यांच्यावर वर्षानुवर्षे होता, त्यांतल्या बहुसंख्यांच्या बाबतीत तो चुकीचा होता.

त्यानंतरचे अभ्यास तपासून १९८१ मध्ये जॉन मोनाहन या अमेरिकन अभ्यासकाने लिहिले की, हिंसेबद्दलच्या तीन अंदाजांतला फार तर एक खरा ठरतो. यात डॉक्टर अडाणी होते असे नाही. समोर बसलेल्या माणसाच्या नजरेवरून, बोलण्यावरून आणि गुन्ह्याच्या भयानकपणावरून ते अंदाज करत होते, आणि या तिन्ही गोष्टी पुढच्या गुन्ह्याबद्दल फार थोडे सांगतात.

गुणांचा तक्ता

मग कॅनडात उलट वाटेने प्रयत्न झाला. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या पेनेटँग्विशीन येथील कडेकोट मनोरुग्णालयातून गेलेल्या ६१८ पुरुषांच्या फायली काढल्या. सरासरी सात वर्षांत त्यांतल्या ३१ टक्क्यांनी पुन्हा हिंसक गुन्हा केला होता. ज्यांनी केला आणि ज्यांनी केला नाही त्यांच्यात आधीपासून काय फरक होता ते मोजले, आणि १२ बाबींचा तक्ता १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. तो व्हीआरएजी या नावाने ओळखला जातो. त्यात गुणांची बेरीज जितकी जास्त, तितका धोका जास्त, आणि बेरजेनुसार माणसांचे नऊ गट पाडलेले आहेत.

कल्पनेतली दोन माणसे घेऊन हा तक्ता भरून पाहू.

पहिला ४१ वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. भाऊ आपल्याला विष घालतोय या भ्रमात त्याने भावाचा जीव घेतला. लग्न झालेले, आईवडिलांच्या घरी वाढलेला, शाळेत कधी तक्रार नाही, दारू नाही, आधीचा गुन्हा नाही. गुण असे पडतात: सोळा वर्षांपर्यंत दोन्ही पालकांसोबत राहिला, उणे २. शाळेत वर्तन ठीक, उणे १. दारूचा त्रास नाही, उणे १. विवाहित, उणे २. इतर गुन्हे नाहीत, उणे २. सशर्त सुटकेच्या अटी मोडलेल्या नाहीत, ०. वय ३९ च्या वर, उणे ५. बळीचा मृत्यू, उणे २. बळी स्त्री नाही, अधिक १. व्यक्तिमत्त्व विकार नाही, उणे २. स्किझोफ्रेनिया आहे, उणे ३. आणि सायकोपथी, म्हणजे पश्चात्ताप नसलेला, वरवर गोड पण निर्दय स्वभाव, मोजणाऱ्या ४० गुणांच्या वेगळ्या चाचणीत ४ किंवा त्याहून कमी, उणे ५. बेरीज उणे २४. नऊ गटांपैकी हा सर्वांत खालचा गट. मूळ अभ्यासात या गटातल्या एकानेही सात वर्षांत पुन्हा हिंसा केली नव्हती.

दुसरा २२ वर्षांचा. रस्त्यावरच्या भांडणात एका पुरुषाला ठोसा मारला, समोरच्याला किरकोळ खरचटले. मानसिक आजार म्हणावा असा नाही, पण व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान आहे. लहानपणी घर मोडलेले, शाळेतून तक्रारी, दारू, चोऱ्या, एकदा सुटकेच्या अटी मोडलेल्या, अविवाहित, सायकोपथीच्या चाचणीत २७ गुण. याची बेरीज अधिक २६ च्या आसपास जाते. गट आठवा. त्या गटातल्या ७६ टक्क्यांनी सात वर्षांत पुन्हा हिंसा केली होती.

गावात विचारले तर दहापैकी दहा जण पहिल्याला कोंडून ठेवा म्हणतील आणि दुसऱ्याला पोरगा आहे, सोडा म्हणतील. आकडे नेमके उलटे आहेत. यातले दोन उणे गुण नीट पाहा: बळीचा मृत्यू झाला तर गुण कमी होतात, स्किझोफ्रेनिया असेल तर गुण कमी होतात. त्या रुग्णालयातल्या लोकांमध्ये, म्हणजे इतर गुन्हेगारांच्या तुलनेत, हे असे निघाले. सर्वसाधारण समाजाशी तुलना केली तर स्किझोफ्रेनियात हिंसेचे प्रमाण काहीसे जास्तच आहे. पण एकदा गुन्हा घडून गेलेल्यांमध्ये पुढचा गुन्हा कोण करील, हे ठरवताना आजाराचे नाव फारसे कामाचे नाही. १९९८ मध्ये बोन्टा, लॉ आणि हॅन्सन यांनी पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र करून हेच दाखवले. जुने गुन्हे, कमी वय, व्यसन, समाजविरोधी वागणूक, मोडलेली नाती या ज्या गोष्टी सर्वसाधारण गुन्हेगारांत धोका सांगतात, त्याच मानसिक आजार असलेल्या गुन्हेगारांतही सांगतात. कॅनडातल्या तीन प्रांतांत वेडाच्या कारणाने दोषमुक्त ठरलेल्या १,८०० जणांच्या अभ्यासातही तीन वर्षांत पुन्हा गुन्हा करणारे सुमारे १७ टक्के निघाले. ज्यांचा मूळ गुन्हा सर्वांत गंभीर होता, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते.

शंभरातले किती?

आता खरी मेख. तक्त्याची ताकद मोजायला एक आकडा वापरतात. ज्याने पुन्हा गुन्हा केला असा एक आणि ज्याने केला नाही असा एक, अशी जोडी उचलायची. तक्त्याने पहिल्याला जास्त गुण दिले असण्याची शक्यता किती? नाणे उडवले तर १०० पैकी ५०. व्हीआरएजी मूळ गटात सुमारे ७६ पर्यंत पोचला. ही चांगली कामगिरी आहे. पण हा आकडा फक्त क्रम बरोबर लावता येतो का, एवढेच सांगतो. ‘समोरचा माणूस करील का’ याचे उत्तर त्यात नाही, कारण ते उत्तर एकूण किती जण मुळात गुन्हा करतात यावर अवलंबून असते.

समजा एक बऱ्यापैकी चाचणी आहे. पुन्हा गुन्हा करणाऱ्या १०० पैकी ८० जणांना ती बरोबर पकडते आणि न करणाऱ्या १०० पैकी ७० जणांना बरोबर सोडते. अशा १,००० जणांना ती लावली, ज्यांच्यातले ५ टक्के पुढे गुन्हा करणार आहेत. म्हणजे ५० करणारे, ९५० न करणारे. चाचणी त्या ५० पैकी ४० पकडेल. उरलेल्या ९५० पैकी ३० टक्के, म्हणजे २८५ जणांनाही ‘धोकादायक’ ठरवेल. एकूण ३२५ जणांवर शिक्का, त्यांतले ४० खरे. म्हणजे शंभरात फक्त १२. तीच चाचणी, जिथे ३० टक्के लोक गुन्हा करणार आहेत अशा गटाला लावा: ३०० पैकी २४० बरोबर, ७०० पैकी २१० चुकीचे, म्हणजे शंभरात ५३ खरे. चाचणी बदललेली नाही, माणसांचा गट बदलला.

हा ५ टक्क्यांचा आकडा उगाच घेतलेला नाही. कडेकोट मनोरुग्णालयांतून सुटलेल्यांवरच्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. त्यात शंभर माणसांमागे वर्षाला साधारण साडेचार पुनर्गुन्हे दिसले. आणि प्रत्यक्ष वापरातल्या चाचण्यांचे काय होते, तेही मोजलेले आहे. ऑक्सफर्डचे सीना फजल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७३ गट, म्हणजे २४,८२७ माणसे एकत्र तपासली. ज्यांना मध्यम किंवा जास्त धोक्याचे ठरवले होते, त्यांतल्या ४१ टक्क्यांनी पुढे हिंसा केली. ज्यांना कमी धोक्याचे म्हटले, त्यांतल्या ९१ टक्क्यांनी केली नाही. म्हणजे ‘हा सोडण्यासारखा आहे’ हे या चाचण्या बऱ्याच खात्रीने सांगतात. ‘हा ठेवण्यासारखा आहे’ हे मात्र केवळ त्यांच्या भरवशावर ठरवू नये. आपल्याकडे नेमका उलटा वापर होण्याची भीती जास्त वाटते.

करील का, यापेक्षा कधी आणि कशाने

तक्त्यातला आणखी एक दोष तो भरताना आपोआप दिसतो. बाराच्या बारा बाबी जवळपास मागच्या आयुष्यातल्या आहेत. गुन्हा घडला तेव्हाचे वय कधी बदलत नाही, मोडलेले घर पुन्हा जोडले जात नाही. दहा वर्षे औषध नियमित घेतले, दारू सोडली, काम धरले, तरी गुण तेवढेच. उपचार करणाऱ्याच्या हाती तो काहीच देत नाही.

म्हणून ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात दुसरी पद्धत तयार झाली, एचसीआर-२०. पहिली आवृत्ती १९९५ ची, सध्याची तिसरी २०१३ ची. तिच्यात २० बाबी आहेत: १० पूर्वेतिहासाच्या, ५ आत्ताच्या प्रकृतीच्या, ५ पुढच्या परिस्थितीच्या. आत्ताच्या म्हणजे आपल्याला आजार आहे याची जाण, हिंसेचे विचार, लक्षणे, चंचलपणा, उपचारांना प्रतिसाद. पुढच्या म्हणजे सुटल्यावर राहणार कुठे, पाठीशी कोण, दवाखान्याची सोय काय, ताण आला तर काय करील. इथे बेरीज करून निकाल लावायचा नसतो. प्रत्येक बाब आहे की नाही, आणि असली तर या माणसाच्या हिंसेशी तिचा संबंध काय, ते लिहायचे असते. मग हिंसा झालीच तर कोणत्या रीतीने होईल, याची दोन-तीन चित्रे शब्दांत मांडायची.

हे चित्र कसे असते ते मघाच्या पहिल्या माणसावरून पाहू. ‘औषध बंद. तीन-चार आठवड्यांत झोप कमी. घरचे जेवण टाळतो, पाणी स्वतः भरून पितो, ताट दुसऱ्याशी बदलतो. एका विशिष्ट नातेवाइकाचे नाव घेऊन संशय. त्यानंतर हल्ला, घरातच, जेवणाच्या वेळी, हाताशी येईल त्या वस्तूने.’ असे लिहिले की घरच्यांना कधी सावध व्हायचे ते कळते. त्याने ताट बदलून घेतले त्याच दिवशी त्याला दवाखान्यात आणायचे, हल्ल्याची वाट पाहायची नाही. ‘मध्यम धोका’ या दोन शब्दांतून त्याच्या बायकोला काय समजणार?

बदलता येण्याजोग्या गोष्टींत औषध आणि व्यसन या दोनच बाबी बाकी सगळ्यांहून भारी आहेत. स्वीडनमध्ये ८२,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तोच माणूस भ्रमविरोधी औषधे घेत होता त्या काळात त्याच्या हातून घडणारे हिंसक गुन्हे, न घेण्याच्या काळापेक्षा ४५ टक्क्यांनी कमी दिसले. माणूस तोच असल्यामुळे बालपण, घर, स्वभाव यांचा फरक इथे आपोआप गळून पडतो. रुग्णालयातून घरी गेलेल्या मनोरुग्णांवर अमेरिकेत झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात व्यसन नसलेले रुग्ण त्याच वस्तीतल्या व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत.

कुठे बिघडते

पहिली अडचण नोंदींची. त्याच मॅकआर्थर अभ्यासात रुग्णांना वर्षभर दर दहा आठवड्यांनी भेटून विचारले जाई. फक्त सरकारी नोंदींवरून पाहिले तर हिंसा करणारे ४.५ टक्के. रुग्णांनी स्वतः सांगितलेले आणि घरच्यांनी सांगितलेले मिळवले तर २७.५ टक्के. म्हणजे ‘आधीचा गुन्हा नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘तक्रार झाली नाही’ एवढाच असतो. आपल्याकडे घरातल्या मारहाणीची तक्रार होतच नाही. म्हणून आई, बायको, शेजारी यांच्याशी वेगवेगळे आणि रुग्ण समोर नसताना बोलल्याशिवाय पूर्वेतिहासाचा एकही रकाना भरू नये.

दुसरी अडचण परक्या मापाची. ‘लग्न झालेले’ हा गुण कॅनडात नाती टिकवण्याची क्षमता दाखवतो. आपल्याकडे आजार लपवून, किंवा ‘लग्न केले की सुधारेल’ म्हणून लावलेली लग्ने असतात. तिथे उणे दोन गुण कशाचे द्यायचे? सोळा वर्षांपर्यंत दोन्ही पालकांसोबत राहण्याचा प्रश्न आजीकडे वाढलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला लावला, तर मोडलेले घर आणि पोटासाठीचे स्थलांतर यांत फरकच राहत नाही. क्रम लावायला परके साधन थोडेफार चालेलही. त्यातली टक्केवारी मात्र इथल्या अहवालात कधीही उतरवू नये. अगदी मूळ अभ्यासातही सर्वांत वरच्या गटासमोर छापलेले १०० टक्के मोजक्याच माणसांवरून आलेले होते.

फजल यांच्या गटाने स्वीडनच्या नोंदींवरून ऑक्समिस आणि फोव्हॉक्स ही छोटी, फुकट वापरता येणारी साधनेही केली आहेत. दहा-पंधरा मिनिटांत भरता येतात. ऑक्समिसमागे ७५,१५८ रुग्णांच्या नोंदी आहेत, कारण स्वीडनमध्ये एकाच ओळख क्रमांकाने रुग्णालय आणि न्यायालय दोन्हीकडची नोंद जोडता येते. तशी जोडणी आपल्याकडे नाही. म्हणून तिथली टक्केवारी इथे किती चालते, हे इथे मोजून दाखवल्याखेरीज ती वापरता येणार नाही.

तिसरी अडचण माणसाची. २०१३ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक न्यायवैद्यक तज्ज्ञांना त्याच फायली दिल्या. काहींना सांगितले की तुम्हाला सरकारी पक्षाने नेमले आहे, काहींना बचाव पक्षाने. सरकारी पक्षासाठी काम करतोय असे मानणाऱ्यांनी गुण जास्त दिले. सायकोपथीच्या चाचणीत हे जास्त घडते, कारण ‘पश्चात्ताप नाही’ किंवा ‘वरवरचा गोडवा’ हे शेवटी मोजणाऱ्याच्या मतावर असते. औषधाच्या परिणामाने चेहरा निर्विकार झालेल्या रुग्णाला ‘पश्चात्ताप नाही’ असे गुण पडले, तर तो त्याच्यावर सरळ अन्याय आहे. शक्य असेल तिथे दोघांनी स्वतंत्रपणे भरावे आणि मग फरकावर बोलावे.

दाखल्यात काय असावे

१९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने विन्को प्रकरणात स्पष्ट केले की, वेडाच्या कारणाने दोषमुक्त झालेला माणूस धोकादायकच आहे असे गृहीत धरता येणार नाही. लक्षणीय धोका पुराव्याने दिसला नाही तर त्याला विनाअट सोडावे लागते. आपल्या कलमाची भाषा उलटी आहे, धोका नसल्याचा दाखला मागणारी. कायदा बदलेपर्यंत त्याच चौकटीत प्रामाणिक अहवाल लिहावा लागेल, आणि तो लिहिता येतो.

त्यासाठी काळ सांगावा: पुढचे सहा महिने की वर्ष. त्यापलीकडच्या अंदाजाला फारसा अर्थ नाही. धोका कोणाला, तेही सांगावे. भ्रमातल्या हिंसेत तो बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या माणसाला असतो. त्यामुळे ज्याच्याबद्दल संशय होता तोच जामीनदार नातेवाईक म्हणून पुढे आला असेल, तर ती गोष्ट ठळक लिहावी. कलम ३७८ नुसार नातेवाईक किंवा मित्राच्या स्वाधीन करताना तो रुग्णाची काळजी घेईल, इजा होऊ देणार नाही आणि तपासणीला हजर करील, अशी हमी घेतात. पण हमी देणारे म्हातारे आईवडील तीस वर्षांच्या मुलाला गोळी घ्यायला कशी लावणार, हे कोणीतरी विचारायला हवे. तिथे दर दोन ते चार आठवड्यांनी देता येणारे फ्लुफेनाझिनसारखे लांब मुदतीचे इंजेक्शन सोयीचे पडते, कारण चुकलेली तारीख लगेच कळते. इंजेक्शन कुठे मिळणार, त्या रुग्णालयाचे नाव लिहावे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये प्रत्येकाला जवळ नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा दवाखाना जवळ असेल, तर तिथल्या डॉक्टरांशी डिस्चार्जच्या आधी बोलून पहिली तारीख घ्यावी. तारीख चुकली तर किती दिवसांनी कोण फोन करील, आणि मघाच्या ताटासारखी धोक्याची खूण दिसली तर घरच्यांनी नेमका कोणाला फोन करायचा, हे नावानिशी असावे.

सोडू नये असे मत असेल तर त्यालाही हीच शिस्त. ‘अजून ठेवावे’ एवढे पुरत नाही. कोणती गोष्ट बदलली म्हणजे सोडता येईल, ती बदलण्यासाठी काय उपचार चालू आहेत आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे लिहावे लागेल. ती तारीख उलटून गेली आणि कोणी आले नाही, तर घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ताब्यात असलेल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो.